ऊन, पेशी आणि कातडीचे वय

पन्नाशीतल्या माणसाच्या दंडाची आतली बाजू आणि त्याच हाताच्या पंजाची पाठ एकाच वेळी पाहिली, तर एका देहावर दोन वयांची कातडी दिसते. दंडाची आतली बाजू मऊ आणि एकसारख्या रंगाची असते, फार तर थोडी पातळ झालेली. पंजाची पाठ मात्र रखरखीत, डागाळलेली, रेघांनी भरलेली असते. दोन्ही ठिकाणची जनुके तीच, आहार तोच, जन्मदिवसही एकच. फरक आहे तो उन्हाचा. काळामुळे येणारे वार्धक्य आणि उन्हामुळे येणारे वार्धक्य या दोन निराळ्या प्रक्रिया आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या खुणा वेगळ्या दिसतात. पहिलीपुढे फारसा इलाज नाही, दुसरीला मात्र बराच आवर घालता येतो.

वैद्यकाने या गोष्टीची दखल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घेतली. हाम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पाउल गेर्सोन उना यांनी १८९४ मध्ये जहाजांवर आयुष्य काढलेल्या खलाशांच्या चेहऱ्याच्या आणि हातांच्या त्वचेचे वर्णन केले. ती जाड, डागाळलेली होती आणि पुढे कर्करोगाकडे झुकत होती. थोड्याच वर्षांत फ्रान्समधल्या बोर्दो परिसरात द्राक्षमळ्यांत राबणाऱ्यांच्या कातडीतही तेच आढळले. खलाशी आणि मळेकरी, दोघांच्या बाबतीत संशय उन्हावरच आला. शंभराहून अधिक वर्षांनी, २०१२ मध्ये, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापलेल्या एका छायाचित्राने हाच मुद्दा जगभर पोहोचवला. २८ वर्षे मालवाहू ट्रक चालवलेल्या ६९ वर्षांच्या एका अमेरिकी गृहस्थाचा तो चेहरा होता. उजवी बाजू वयाला साजेशी, तर खिडकीकडची डावी बाजू खोल सुरकुत्यांनी आणि गाठींनी भरलेली. भारतात चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे इथे हा भार चेहऱ्याच्या उजव्या बाजूवर आणि उजव्या हातावर येतो.

त्या चालकाची खिडकी बऱ्याचदा बंद असणार, हे लक्षात घेतले की किरणांच्या प्रकारांकडे वळावे लागते. जांभळ्या रंगापलीकडच्या अदृश्य किरणांचा शोध योहान व्हिल्हेल्म रिटर यांनी १८०१ मध्ये लावला. चांदीचा क्षार वर्णपटाच्या जांभळ्या टोकाबाहेर अधिक वेगाने काळा पडतो, असे त्यांना दिसले. या अतिनील किरणांचे तीन पट्टे मानतात. १०० ते २८० नॅनोमीटरचा ‘सी’ पट्टा वातावरणातच संपतो. २८० ते ३१५ नॅनोमीटरच्या ‘बी’ पट्ट्यातला बहुतेक भाग ओझोन शोषून घेतो. ३१५ ते ४०० नॅनोमीटरचा ‘ए’ पट्टा मात्र जवळजवळ निर्वेध खाली येतो. जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के वाटा याच ‘ए’चा असतो. ‘बी’ किरण तीव्र असतात. त्वचा लाल होते, भाजते ती त्यांच्यामुळे. पण ते बहुतांशी वरच्या थरातच अडतात आणि साधी काच त्यांना थोपवते. ‘ए’ किरण काचेतून येतात आणि खोलवर शिरतात. मोटारीच्या समोरच्या काचेत दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, म्हणून ती त्यांना बरीच रोखते. बाजूच्या काचांचा तसा भरवसा नाही.

महाराष्ट्र आणि गोवा या बाबतीत अवघड पट्ट्यात येतात. उष्ण कटिबंधावरचा ओझोनचा थर युरोपवरच्या थरापेक्षा पातळ असतो. त्यातच मे महिन्यात सूर्य एकेका गावाच्या थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणून जो पाहायला शाळकरी मुले अंगणात जमतात, तो दक्षिण कोकणात मेच्या आरंभी, मुंबईत महिन्याच्या मध्यावर, तर नंदुरबारकडे महिनाअखेरीस येतो. या दिवसांत निरभ्र दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर ती सर्वांत वरची, ‘अतितीव्र’ पायरी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सूर्य पुन्हा तसाच डोक्यावर येतो, पण पावसाळी ढग ते जाणवू देत नाहीत. ढग दाट असले तर किरण खूपच घटतात. विरळ, पांढऱ्या ढगांतून मात्र बरेचसे पार होतात. उकाडा कमी म्हणजे अतिनील किरण कमी, हा समज म्हणूनच खोटा आहे, कारण उष्णतेची जाणीव अवरक्त किरणांमुळे होते. उंचीबरोबर दर हजार मीटरला अतिनील तीव्रता अंदाजे १० टक्के वाढते. वाळू सुमारे १५ टक्के, फेसाळ समुद्र २५ टक्के आणि ताजे बर्फ ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेकते. थंड हवेच्या ठिकाणी चेहरा भाजून येणाऱ्या प्रवाशाचे कोडे इथे उलगडते. हाताशी घड्याळ वा उपकरण नसले तरी एक खूण पुरते: स्वतःची सावली स्वतःपेक्षा आखूड असेल, तर किरण तीव्र आहेत.

हे किरण ज्या पेशींवर पडतात त्या एका जातीच्या नाहीत. बाह्यत्वचेत मुख्यतः केराटिनोसाइट असतात. तळाच्या ओळीत जन्मून, वर सरकत, कोरड्या होऊन त्या साधारण महिन्याभरात गळून पडतात. बिघडलेल्या पेशीला इथे निदान निघून जाण्याची वाट आहे. तळाच्या ओळीत राहून नव्या पेशी घडवणाऱ्या मूळ पेशींना आणि मेलॅनिन बनवणाऱ्या रंगपेशींना ती सोय नाही. त्याखालच्या अंतस्त्वचेत फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी विरळ विखुरलेल्या असतात. त्या कोलॅजेनचे तंतू विणतात, आणि त्वचेचे बळ जवळजवळ सगळे या तंतूंत असते. फायब्रोब्लास्ट फार क्वचित विभागतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. त्वचेतल्या कोलॅजेनचे अर्धायुष्य सुमारे १५ वर्षे धरले जाते. विशीतले ऊन चाळिशीत का दिसते, याचे उत्तर या संथपणात आहे.

पेशीच्या आत काय घडते, त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला थेट डीएनएवरचा. डीएनएच्या साखळीत थायमिन किंवा सायटोसिन जातीचे दोन शेजारी घटक ‘बी’ किरण शोषून एकमेकांना चिकटतात. अशी जोडी झाली की साखळी वाकते, आणि तिची नक्कल करताना चुका होतात. कडक उन्हात एकेका पेशीत अशा हजारो जोड्या तयार होतात. तरीही माणूस टिकतो, कारण पेशीकडे दुरुस्तीची यंत्रणा आहे: वाकलेला भाग ओळखायचा, दोन्ही बाजूंनी कापून तुकडा काढायचा आणि समोरच्या साखळीवरून तो भाग पुन्हा भरायचा. या कापून भरण्याच्या यंत्रणेचा उलगडा केल्याबद्दल अझीझ सांजार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. डीएनएच्या अन्य दुरुस्त्यांवर काम करणारे टोमास लिंडाल आणि पॉल मॉड्रिच हे त्यांचे सहविजेते. ही यंत्रणा नसली तर काय होते, ते झेरोडर्मा पिगमेंटोसम या दुर्मिळ जन्मजात आजारात दिसते. अशा मुलांची त्वचा लहानपणीच ठिपक्यांनी भरते, म्हाताऱ्यासारखी सुकते आणि कोवळ्या वयात कर्करोग होतात. या आजाराचे मूळ दुरुस्तीच्या अभावात आहे, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखवले.

दुरुस्तीला वेळ लागतो, आणि पुढचे सगळे समजण्यासाठी हा मुद्दा ध्यानात ठेवावा लागतो. काही प्रकारचे बिघाड काही तासांत निघतात, पण वर सांगितलेल्या चिकट जोड्या पुरत्या निघायला एक दिवस, कधी त्याहूनही अधिक लागतो. रोज दुपारी उन्हात उभ्या राहणाऱ्या माणसाच्या पेशीत कालचे काम संपण्याआधी आजचे येऊन पडते. वयाबरोबर दुरुस्तीचा वेग मंदावतो, म्हणजे थकबाकी वाढतच जाते. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये त्यात एक अनपेक्षित भर घातली. रंगपेशींमध्ये ऊन संपल्यावरही तीन तासांहून अधिक काळ, अंधारात, नव्या जोड्या बनत राहतात, कारण किरणांनी उत्तेजित झालेले मेलॅनिनचे तुकडे ती ऊर्जा डीएनएला देतात. रक्षण करणारे मेलॅनिन इथे उलटते. बेडूक, पक्षी आणि वनस्पती यांच्याकडे प्रकाशाच्याच मदतीने या जोड्या एका फटक्यात सोडवणारे फोटोलायेज नावाचे एन्झाइम आहे. उत्क्रांतीच्या ओघात माणसासह वार असलेल्या सर्व सस्तन प्राण्यांनी ते गमावले.

बिघाड हाताबाहेर गेला तर पी-५३ हे प्रथिन पेशीला विभाजन थांबवायला लावते किंवा मरायला लावते. भाजलेली त्वचा सोलून निघते, त्यामागे हा सामूहिक मृत्यू असतो. त्याच प्रथिनाच्या संदेशाने रंगपेशींना मेलॅनिन वाढवण्याची सूचना जाते. म्हणजे ‘टॅन’ आला, याचा अर्थ डीएनएला इजा आधीच झालेली आहे. काही पेशी मरतही नाहीत आणि विभागतही नाहीत. त्या जीर्ण अवस्थेत राहतात आणि शेजाऱ्यांना त्रासदायक अशी दाहजनक रसायने सोडत बसतात. काहींमध्ये चुका कायमच्या राहतात. मध्यमवयीन आणि वृद्ध माणसांच्या पापण्यांची वरून निरोगी दिसणारी कातडी २०१५ मध्ये तपासली, तेव्हा १८ ते ३२ टक्के पेशींमध्ये वाढीला धार्जिणे उत्परिवर्तन आढळले.

दुसरा मार्ग ‘ए’ किरणांचा आहे. ते डीएनएला थेट कमी धक्का देतात, पण पेशीतल्या इतर रेणूंना उत्तेजित करून ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे निर्माण करतात. या रूपांमुळे पटलातली मेदद्रव्ये, प्रथिने आणि मायटोकॉन्ड्रियातला डीएनए बिघडतो. कोलॅजेनवर होणारा परिणाम सर्वांत तपशिलाने उलगडला तो मिशिगन विद्यापीठात गॅरी फिशर आणि जॉन व्हूरहीस यांच्या गटाने १९९६ आणि १९९७ मध्ये. त्वचा लालसुद्धा होणार नाही इतक्या अल्प मात्रेनेही काही तासांत कोलॅजेन तोडणारी एन्झाइमे वाढतात, असे त्यांनी जिवंत माणसांच्या त्वचेवर दाखवले. शिवाय नवे कोलॅजेन बनवण्याचा संदेशही त्याच वेळी क्षीण होतो. पुढे या गटाने आणखी एक दुवा जोडला. फायब्रोब्लास्ट पेशी तंतूंना धरून ताणलेली असते, आणि तो ताण हीच तिची काम करण्याची खूण असते. तंतू तुटले की तिची पकड सुटते, ती आक्रसते, कोलॅजेन कमी बनवते आणि तोडणारी एन्झाइमे अधिक. सुंभ तुटल्यावर बाज झोळ धरते, आणि झोळ पडल्याने उरलेल्या सुंभावरचा भार वाढतो, तसे हे चक्र आहे. काळाच्या वार्धक्यात न दिसणारी एक गोष्टही इथे दिसते: अंतस्त्वचेच्या वरच्या भागात इलॅस्टिनचे निरुपयोगी, गुंतलेले पुंजके साचतात आणि कातडीला पिवळट, चामड्यासारखी जाडी येते.

वरचे बरेच वर्णन गोऱ्या कातडीचे आहे, कारण संशोधन मुख्यतः तिच्यावर झाले. ‘चेहऱ्याचे ८० टक्के वार्धक्य उन्हाने येते’ हे जाहिरातींचे लाडके वाक्य सुमारे तीनशे गोऱ्या फ्रेंच स्त्रियांच्या पाहणीवर उभे आहे. ते सातारच्या किंवा अकोल्याच्या चेहऱ्याला जसेच्या तसे लावणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. सावळ्या त्वचेत मेलॅनिनचे कण संख्येने अधिक, मोठे आणि सुटे असतात. ते तळाच्या पेशींच्या केंद्रकावर छत्रीसारखे बसतात. १९७९ मधल्या एका जुन्या मोजणीत कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बाह्यत्वचेचा संरक्षक गुणांक सरासरी १३.४, तर गोऱ्यांचा ३.४ भरला. त्यामुळे बारीक सुरकुत्या इथे दशकभर उशिराने येतात आणि त्वचेचे कर्करोगही कमी होतात. उन्हाची किंमत मात्र रंगात मोजली जाते: गालांवर आणि कपाळावर वांग, डोळ्यांभोवती काळेपणा, पुरळ गेल्यावर महिनोन्‌महिने न जाणारे डाग, मानेवर आणि हातांवर असमान छटा. सावळ्या त्वचेला संरक्षणाची गरज नाही, ही समजूत जितकी चुकीची, तितकीच तिला गोऱ्या त्वचेचे सगळे नियम लावण्याची घाईही चुकीची.

संरक्षणाचा पहिला आणि सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे किरण पेशीपर्यंत पोहोचूच न देणे. सावली, वेळ आणि कापड यांना पर्याय नाही. खुरपणीला जाणाऱ्या बायका लुगड्यावर पूर्ण बाह्यांचा पुरुषी सदरा चढवतात आणि डोक्याला कापड बांधतात. पुण्यात दुचाकीवरच्या मुली चेहरा ओढणीने गुंडाळतात. शास्त्राच्या कसोटीला दोन्ही उतरतात, फक्त कापड कोणते याला महत्त्व आहे. घट्ट विणीचे, गडद रंगाचे, कोरडे कापड किरण उत्तम अडवते. पातळ पांढरे सुती कापड, विशेषतः घामाने ओले झाल्यावर, बरेच पार होऊ देते. उजेडाकडे धरल्यावर ज्यातून पलीकडचे दिसते, ती ओढणी धुळीपुरतीच उपयोगाची.

झाकता न येणाऱ्या भागासाठी सनस्क्रीन आहे. त्याचा ‘एसपीएफ’ हा आकडा त्वचा लाल होण्यावरून काढतात, म्हणून तो मुख्यतः ‘बी’ किरणांची हकिकत सांगतो. एसपीएफ १५ सुमारे ९३ टक्के, ३० सुमारे ९७ आणि ५० सुमारे ९८ टक्के ‘बी’ किरण थांबवते. ‘ए’ किरणांसाठी ‘पीए’पुढची अधिकची चिन्हे किंवा ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हे शब्द पाहावे लागतात. प्रयोगशाळेत हे आकडे दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम इतक्या थरावर मिळतात. प्रत्यक्षात माणसे त्याच्या निम्मे किंवा चौथाई लावतात, आणि संरक्षण त्याच प्रमाणात कोसळते. म्हणून तीसच्या आणि पन्नासच्या वादात पडण्यापेक्षा चेहरा आणि मान मिळून चहाचा एक चमचा भरेल इतके लावणे, आणि घाम आल्यावर किंवा दोन तासांनी पुन्हा लावणे, अधिक मोलाचे.

वार्धक्य त्याने खरोखर थांबते का, याचा सर्वांत भक्कम पुरावा ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधल्या नॅम्बोर या गावातून आला. अ‍ॅडेल ग्रीन यांच्या नेतृत्वाखाली १९९२ पासून साडेचार वर्षे चाललेल्या चाचणीत १,६२१ प्रौढांपैकी निम्म्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितले, बाकीच्यांना मर्जीवर सोडले. त्यांतल्या ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांच्या पंजामागच्या त्वचेचे ठसे घेऊन तुलना केली. २०१३ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार रोज लावणाऱ्यांच्या गटात त्वचेचे वार्धक्य २४ टक्क्यांनी कमी दिसले. वापरलेले सनस्क्रीन फक्त १५ च्या आसपासच्या एसपीएफचे होते. त्याच चाचणीत काहींना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांचा काहीही उपयोग झाला नाही.

त्या गोळ्यांचे अपयश पुढच्या सगळ्या दाव्यांना लावायची कसोटी ठरते. काचेच्या बशीत वाढवलेल्या फायब्रोब्लास्टवर किरण सोडून, आधी एखादा वनस्पतीचा अर्क घातला की पेशी अधिक जगतात, असे दाखवणारे निबंध ढिगाने आहेत. हळदीतले कुर्क्युमिन, हिरव्या चहातली पॉलिफेनॉल द्रव्ये, द्राक्षातले रेस्व्हेराट्रॉल ही त्यांतली नेहमीची नावे. बशीतल्या पेशीपर्यंत अर्क सरळ पोहोचतो. माणसात त्याला आधी त्वचेचा शुष्क थर किंवा आतडे ओलांडावे लागते. कुर्क्युमिन पोटातून अत्यल्प शोषले जाते आणि प्रकाशात स्वतःच विघटित होते. हळद लावून उन्हात बसण्यात संरक्षण नाही.

कसोटीला उतरलेली द्रव्ये थोडी आहेत. ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेले ट्रेटिनॉइन त्यांत आघाडीवर आहे. अल्बर्ट क्लिगमन यांच्या निरीक्षणांनंतर १९८८ मध्ये झालेल्या तुलनात्मक चाचणीत त्याने उन्हाने जुनावलेली त्वचा सुधारल्याचे दिसले. ते कोलॅजेन तोडणारी एन्झाइमे दाबते आणि नवे कोलॅजेन बनवायला लावते. ते रात्री लावतात, सुरुवातीला त्याने त्वचा सोलवटते, आणि गरोदरपणात ते वर्ज्य आहे. भारतात त्याची एक विकृत वाट आहे: हायड्रोक्विनोन आणि स्टिरॉइडसोबत ट्रेटिनॉइन असलेले मिश्रण ‘गोरे करणारे क्रीम’ म्हणून वैद्याशिवाय महिनोन्‌महिने लावले जाते. त्यातल्या स्टिरॉइडने कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि उन्हाने न होणारे नुकसान उपायाने होते. ‘क’ जीवनसत्त्व कोलॅजेनच्या जडणघडणीला लागतेच. ‘ई’ जीवनसत्त्व आणि फेरुलिक आम्लाबरोबर ते लावले तर किरणांपासून थोडे संरक्षणही देते, पण हवेत ते लवकर बिघडते. दुरुस्तीच्या बाजूने सर्वांत रंजक उदाहरण निकोटिनामाइडचे, म्हणजे ‘ब-३’ जीवनसत्त्वाच्या एका रूपाचे. डीएनएची दुरुस्ती ऊर्जा खाते, आणि किरणांनी पेशीतला ऊर्जेचा साठा रिता होतो. निकोटिनामाइड तो भरून ठेवते. सिडनीत झालेल्या आणि २०१५ मध्ये निष्कर्ष छापलेल्या चाचणीत, आधी त्वचेचा कर्करोग होऊन गेलेल्या ३८६ जणांत, दिवसातून दोनदा ५०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांना नवे कर्करोग २३ टक्क्यांनी कमी झाले. गोळ्या थांबवल्यावर लाभही थांबला. ही चाचणी कर्करोगाची होती, सुरकुत्यांची नव्हे, हे बाटलीवरच्या जाहिराती सांगत नाहीत.

‘ड’ जीवनसत्त्वाचा आक्षेप इथे हटकून येतो. ते बनायला ‘बी’ किरणच लागतात, आणि एवढे ऊन असूनही भारतात त्याची कमतरता सर्रास आढळते. घरात किंवा कार्यालयात जाणारा दिवस, अंगभर कपडे आणि सावळी त्वचा ही त्याची कारणे. कोवळ्या उन्हाचा सल्ला प्रेमळ असला, तरी सूर्य क्षितिजाजवळ असताना ‘बी’ किरण फार थोडे मिळतात. हातपायांवर थोडा वेळ ऊन घेणे किंवा तपासणी करून औषधातून ते घेणे, दोन्ही वाटा खुल्या आहेत; त्यासाठी चेहरा भाजून घेण्याचे कारण नाही.

अलीकडच्या काळात अतिनील पट्ट्याच्या पलीकडेही लक्ष गेले आहे. २०१० मध्ये दिसून आले की दृश्य प्रकाश सावळ्या त्वचेवर गडद आणि टिकाऊ काळसरपणा आणतो, गोऱ्या त्वचेवर मात्र आणत नाही. नंतर रंगपेशींवर ऑप्सिन-३ नावाचा निळ्या प्रकाशाचा ग्राहक सापडला, तेव्हा त्याची यंत्रणाही कळली. नेहमीची पारदर्शक सनस्क्रीन हा प्रकाश अडवत नाहीत. लोहाच्या ऑक्साइडचे पिवळे, तांबडे आणि काळे कण मिसळलेली रंगीत सनस्क्रीन तो अडवतात, आणि वांगाच्या रुग्णांवरच्या चाचण्यांत साध्या सनस्क्रीनपेक्षा ती सरस ठरली आहेत.